निवडून आलेलं सरकार आणि ‘नाही’ म्हणणारा माणूस



तळेगाव म्हटलं की लोक विचारतात, कोणतं? पुण्याकडे तळेगाव दाभाडे आहे, ढमढेरे आहे, नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे. म्हणून आपल्या गावाला कंसात श्यामजी पंत लावावं लागतं. आज आपण ज्या शब्दाबद्दल बोलणार आहोत, त्याचंही तसंच झालंय. ‘लोकशाही’ सगळेच म्हणतात. कोणती, ते कंसात लिहावं लागतं.

व्याख्यान सुरू होण्याआधी आमच्याकडे काही चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांचा अर्थ एकच: निवडून आलेलं सरकार लोकशाहीवादी आहे की हुकूमशाही, हे ठरवायचं कसं? एका चिठ्ठीत सरळ आताच्या सरकारचं नाव आहे, दुसरीत आधीच्या. आम्ही इतिहासाची माणसं, चालू खटल्यात निकाल देत नाही. पण जे खटले संपले आहेत, ज्यांचे कागद बाहेर आले आहेत, ते पुन्हा उघडून बघता येतात. आणि सांगायची गोष्ट अशी की त्यातले दोन मोठे खटले आपल्याच जिल्ह्यात उभे राहिले. इथून आर्वीमार्गे दीड-दोन तासांत पोचाल अशा ठिकाणी.

सुरुवात सोप्या प्रकरणापासून करू. इथून आष्टीचा रस्ता धरला की जे गाव लागतं, त्याच्या नावापुढे शहीद लागतं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. लोक झेंडा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, माणसं पडली, मग जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. आपल्या घराघरांत ही गोष्ट सांगितली जाते. पण एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. त्या दिवशी नागपूरला निवडून आलेलं मंत्रिमंडळ नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढलं म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले होते, आणि १९३५ च्या कायद्यातल्या कलम ९३ खाली मध्यप्रांत व वऱ्हाडाचा कारभार गव्हर्नर पाहत होता. तेव्हा १९४२ चा निवाडा करायला अक्कल लागत नाही. परकी सत्ता, न निवडलेली, आणि बंदूक. खरी कसोटी लागते ती सरकार आपणच निवडलेलं असतं तेव्हा.

अशी पहिली कसोटी १९३८ च्या जुलैमध्ये लागली.

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. मतदार थोडे, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून तीनेक कोटी. मिळकत, सारा, शिक्षण पाहून मत मिळायचं. म्हणजे तुमच्या-आमच्या आजोबांपैकी बहुतेकांना मत नव्हतं, आज्यांचं तर सोडाच. तरी निवडणूक ती निवडणूक. आपल्या प्रांतात ११२ जागांच्या सभागृहात काँग्रेसला बहुमत मिळालं आणि नागपूरचे डॉक्टर नारायण भास्कर खरे प्रांताचे मुख्य प्रधान झाले. मंत्रिमंडळात दोन तट होते, नागपूर-वऱ्हाडकडचे मराठी आणि महाकोशलचे हिंदी. भांडणं वाढली. २० जुलै १९३८ ला खऱ्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनीही द्यावा असं सांगितलं, म्हणजे नवं मंत्रिमंडळ बनवता येईल. गोळे आणि देशमुख यांनी दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता या तिघा महाकोशलवाल्यांनी दिला नाही. ते म्हणाले, पक्षाच्या वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय आम्ही जाणार नाही. तेव्हा गव्हर्नर वायली साहेबांनी त्या तिघांना पहाटे पदावरून काढून टाकलं आणि खऱ्यांचं नवं मंत्रिमंडळ बसवलं. त्यात रामेश्वर अग्निभोज हे दलित समाजातले मंत्री होते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मग बोलावणं आलं, वर्ध्याला. काँग्रेसची कार्यकारिणी तिथे भरत होती, अध्यक्ष सुभाषबाबू होते, आणि मंत्रिमंडळांवर नजर ठेवणारी उपसमिती होती वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रप्रसाद यांची. खऱ्यांना चूक मान्य करायला सांगितलं. २३ जुलैला त्यांचं दुसरं मंत्रिमंडळही गेलं. चारच दिवसांनी, २७ तारखेला, पक्षाच्या आमदारांनी शुक्लांना नेता निवडलं, तेही वर्ध्यातच.

आता सांगा, यात हुकूमशहा कोण? आमच्या लहानपणी नागपूरकडच्या मराठी घरांत उत्तर ठरलेलं असायचं: खऱ्यांवर अन्याय झाला, हायकमांडने निवडलेल्या माणसाला घरी पाठवलं. जबलपूरकडे विचारलं तर सांगतील, खऱ्यांनीच गोऱ्या गव्हर्नरची मदत घेऊन आपल्या सहकाऱ्यांना पहाटे हाकललं. दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. गव्हर्नरला मंत्री काढायचा अधिकार कायद्यात होता, खऱ्यांनी तो वापरून घेतला. पक्षाला आपल्या माणसाला जाब विचारायचा अधिकार होता, वर्ध्याने तो वापरला. गांधीजींनी त्याच ऑगस्टमध्ये ‘हरिजन’मध्ये बाजू मांडली ती अशी की काँग्रेस आतून लोकशाही संघटना असली तरी ती लढणारी फौजही आहे, आणि लढाईत आज्ञा पाळावी लागते. युक्तिवाद समजण्यासारखा आहे. लढाई चालूच होती. पण आम्हाला त्यातली एक गोष्ट खटकत आली आहे. या साऱ्या आठवड्यात प्रांताच्या सभागृहात उभं राहून कुणी विचारलं नाही, की या मंत्रिमंडळावर तुमचा विश्वास आहे का? ज्यांना मतदारांनी पाठवलं होतं ते सगळ्यात शेवटी विचारात घेतले गेले, आणि तेही पक्षाच्या बैठकीत. पुढे खरे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, अलवरचे दिवाण झाले, हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. त्यावरून ‘बघा, माणूसच तसला’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माणसाच्या नंतरच्या वागण्यावरून आधीच्या न्यायाचा हिशेब करायचा नसतो.

आम्ही हे एवढं सांगितलं कारण आजही पक्षाच्या वरिष्ठांनी मुख्यमंत्री बदलला की आपण त्याला राजकारण म्हणतो. निवडून आलेला माणूस मतदाराला बांधील की ज्याने तिकीट दिलं त्याला, हा प्रश्न नागपूर आणि वर्ध्याच्या मधल्या रस्त्यावर पहिल्यांदा विचारला गेला, आणि तेव्हा त्याचं उत्तर मतदाराच्या बाजूने लागलं नाही.

आता दुसरं प्रकरण. इथे आम्ही जास्त वेळ घेणार आहोत.

इंदिरा गांधींचं सरकार किती निवडून आलेलं होतं? १९७१ साली लोकसभेच्या ५१८ पैकी ३५२ जागा. महाराष्ट्रात १९७२ साली विधानसभेच्या २७० पैकी २२२. यापेक्षा जास्त निवडून येणं म्हणजे काय? १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी त्यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या रात्री कलम ३५२ खाली ‘अंतर्गत अशांतता’ म्हणून आणीबाणी आली. बघा, एकही पायरी घटनेबाहेरची दिसत नाही. राष्ट्रपतींची सही होती. संसदेने नंतर मंजुरी दिली. ज्यांना वाटतं की हुकूमशाही येते ती रणगाड्यावर बसून, त्यांनी हा क्रम पाठ करावा. १९३३ साली जर्मनीतही सर्वाधिकाराचा कायदा संसदेनेच मंजूर केला होता. फरक इतकाच की कम्युनिस्ट खासदार आधीच बाहेर ठेवले होते, आणि विरोधात उभे राहिले ते समाजवादी पक्षाचे ९४ जण.

महाराष्ट्रात तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. राज्यात पाच हजारांहून जास्त माणसं मिसाखाली अटकेत गेली. येरवडा, नाशिक रोड, नागपूर, अशी तुरुंगांची नावं घरातल्या गप्पांत आली. संघाचे, समाजवादी, सर्वोदयी, मार्क्सवादी, सगळे एका बराकीत. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे कळलं की आपला शेजारी वाईट माणूस नव्हता. पण ती गंमत वेगळी.

आपल्या जिल्ह्याचा भाग पवनारला सुरू होतो. विनोबा तेव्हा एक वर्षाच्या मौनात होते, २५ डिसेंबर १९७४ पासून. खासदार वसंत साठे त्यांना भेटले, आणि त्या भेटीतून दोन शब्द बाहेर पडले: अनुशासन पर्व. महाभारतातल्या पर्वाचं नाव. मौनातल्या माणसाने काय अर्थाने ते पुढे केलं, हे त्याला विचारायची सोय नव्हती. सरकारला विचारायची गरजही नव्हती. हे दोन शब्द आकाशवाणीवर आले, भिंतींवर आले, सरकारी जाहिरातींत आले. विनोबांनी आणीबाणीला आशीर्वाद दिला, असा देशभर समज झाला. आजही तो पुसलेला नाही.

मौन सुटलं २५ डिसेंबर १९७५ ला. तेव्हा विनोबांनी अर्थ सांगितला: अनुशासन असतं ते आचार्यांचं, सत्तेचं असतं ते शासन. त्यांनी लगेच आचार्यांचं संमेलन बोलावलं. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला शिक्षणतज्ज्ञ, साहित्यिक, कायदेपंडित जमले आणि त्यांनी परिस्थिती पूर्ववत व्हावी असा एकमताने सूर लावला. तो सूर भिंतींवर आला नाही. त्याच वर्षी विनोबांनी गोहत्याबंदीसाठी ११ सप्टेंबरपासून उपोषण जाहीर केलं, तर ती बातमी असलेल्या, आश्रमातल्याच ‘मैत्री’ मासिकाच्या प्रती पोलिसांनी उचलून नेल्या. आधी ज्यांचे दोन शब्द देशभर रंगवले, त्यांच्याच आश्रमाचं मासिक जप्त. आम्ही विनोबांना दोषमुक्त करत नाही. इतक्या मोठ्या माणसाने इतके थोडे शब्द अशा दिवसांत पुढे करायला नको होते, असं आमचं मत आहे, आणि जयप्रकाशांचा मार्ग त्यांना मान्य नव्हता हेही खरं. पण सरकारला ओळखायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. ‘हो’ ऐकू आलं तेव्हा लाऊडस्पीकर होता. ‘पण’ ऐकू आलं तेव्हा पोलीस होते.

आणि ‘नाही’ म्हणणारे? त्याच पवनारजवळच्या सुरगावात प्रभाकर शर्मा नावाचे वयोवृद्ध सर्वोदयी कार्यकर्ते होते. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि आणीबाणीचा निषेध म्हणून स्वतःला जाळून घेतलं. आपल्या जिल्ह्यात, आपल्या शेतांच्या हद्दीत. आज या सभेत किती जणांनी हे नाव आधी ऐकलं होतं? हात वर करायला सांगत नाही. आत्मदहन हा मार्ग आम्ही कुणाला सांगणार नाही, गांधी-विनोबांच्या परंपरेतही त्यावर वाद झाला. पण ही गोष्ट आपल्याला माहीत नाही याचं एक कारण सेन्सॉर आहे, आणि दुसरं कारण असं की सेन्सॉर उठल्यानंतरही आपण ती शोधली नाही.

दुर्गा भागवतांचं नाव मात्र माहीत आहे. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गाबाई, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. जयप्रकाश मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि सभा उभी राहिली. पुढे त्यांना अटक झाली. प्रार्थनेने सरकार पडत नाही. पण प्रार्थना करणाऱ्या बाईला आत टाकावंसं वाटतं, ते सरकार स्वतःबद्दल काय समजून असतं हे कळतं.

न्यायालयांकडे येऊ, कारण इथे चित्र मिश्र आहे आणि मिश्र चित्रच उपयोगी असतं. मुंबईत वकिलांनी घरगुती सभा घ्यायची ठरवली, विषय होता नागरी स्वातंत्र्य; पोलीस आयुक्तांनी मनाई केली; उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. मिनू मसानींच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला; फेब्रुवारी १९७६ मध्ये उच्च न्यायालयाने सेन्सॉरचेच कान धरले. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येईल की नाही यावर देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी दाद मागण्याचा हक्क मानला, त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. मग २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला: आणीबाणीत स्थानबद्धाला स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. तो एक होता न्यायमूर्ती हंसराज खन्ना. चारांमध्ये आपले यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खोडला, आणि खोडणाऱ्या घटनापीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

म्हणजे १९७६ साली देशात काही दारं उघडी होती, काही बंद. एकाच महिन्यात मुंबईचं न्यायालय सरकारला झापत होतं आणि त्याच सरकारचा तुरुंग भरलेला होता. आजकालचे राज्यशास्त्रज्ञ अशा कारभाराला ‘स्पर्धात्मक अधिकारशाही’ म्हणतात. निवडणुका आहेत, न्यायालयं आहेत, पण मैदान एका बाजूला झुकवलेलं. शब्द जड आहे. आपल्याकडे कुस्तीच्या फडात पंचच एका पैलवानाचा मामा असेल तर काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हे सगळं फक्त दिल्लीने केलं असं म्हणून आपण सुटू शकत नाही. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा मंजूर केला, कुटुंबाच्या आकारावर बंधन घालणारा. तीन मुलं झाल्यावर नसबंदी सक्तीची, न केल्यास शिक्षा. आपण निवडलेल्या आमदारांनी, सभागृहात, हात वर करून. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही. देशभर त्या एका वर्षात ऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा, कोटा पूर्ण करण्यासाठी मास्तर, तलाठी, ग्रामसेवक कसे फिरायचे. ते काही क्रूर लोक नव्हते, त्यांचा पगार अडलेला असायचा. बहुमताने सक्तीला मान्यता दिली म्हणून ती कमी सक्ती होत नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि यावर आमच्याशी भांडायला हरकत नाही. इंदिराबाईंनी १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर केली, मार्चमध्ये घेतली, हरल्या, स्वतः रायबरेलीत राजनारायणांकडून ५५ हजारांनी पडल्या, आणि गेल्या. कुणी रणगाडा आणला नाही. मग तुम्ही त्यांना हुकूमशहा कसं म्हणता, असं आम्हाला दर व्याख्यानात विचारतात.

आमचं उत्तर तारखांमध्ये आहे. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ ला संपत होती. ती आधी एका वर्षाने वाढवली, मग नोव्हेंबर १९७६ मध्ये आणखी एका वर्षाने. शिवाय ४२ व्या घटनादुरुस्तीने पाचाची सहा वर्षं केली. आपली विधानसभा मार्च १९७२ मध्ये पाच वर्षांसाठी निवडली होती, पुढची निवडणूक झाली फेब्रुवारी १९७८ ला. म्हणजे १९७७ ची निवडणूक कायद्याच्या तारखेला झाली नाही. देणाऱ्याला वाटलं तेव्हा दिली. त्यांचा अंदाज चुकला हे आपलं नशीब. पण त्या एकवीस महिन्यांचा निवाडा त्यानंतरच्या एका चांगल्या निर्णयाने पुसला जात नाही, आणि तो चांगला निर्णय त्या एकवीस महिन्यांमुळे खोटाही ठरत नाही. दोन्ही नोंदी वहीत राहू द्याव्यात.

आणखी एक नोंद आपल्या विरुद्ध जाते. १९७७ च्या मार्चमध्ये उत्तर भारतात काँग्रेस साफ झाली. महाराष्ट्रात ४८ पैकी तिला २० मिळाल्या. आणि वर्धा? जिथे पवनार आहे, सेवाग्राम आहे, सुरगाव आहे? वर्ध्याने काँग्रेसचेच संतोषराव गोडे निवडून दिले. लोकांना भीती होती म्हणून नव्हे; आणीबाणी शिथिल झाली होती, सभा होत होत्या. लोकांकडे त्यांची कारणं होती. जमीन, जात, जुनी निष्ठा, जनता पक्षाबद्दल अविश्वास. रेशन वेळेवर मिळालं, गाड्या वेळेवर आल्या, असं म्हणणारे होतेच. मत देणारा माणूस न्यायाधीश नसतो. तो एका मतात दहा हिशेब मिटवतो. तेव्हा ‘जनतेने निकाल दिला, आता बोलायचं नाही’ हे वाक्य कोणत्याही पक्षाने म्हटलं, तरी आम्हाला १९७७ चं वर्धा आठवतं. लोकांनी कुणाला निवडलं, आणि निवडलेल्याने काय केलं, हे दोन वेगळे कागद आहेत.

हेच माप जनता पक्षालाही लावावं लागतं. त्यांनी ४४ वी घटनादुरुस्ती केली, हे उपकार. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आला, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला, जीविताचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असं ठरलं, लोकसभा परत पाच वर्षांवर आली. पण त्याच सरकारने १९७७ मध्ये नऊ राज्यांच्या निवडून आलेल्या विधानसभा बरखास्त केल्या, का तर लोकसभेत तिथे काँग्रेस हरली होती. १९८० मध्ये इंदिराबाईंनी तोच हिशेब चुकता केला, पुन्हा नऊ राज्यं, आणि १७ फेब्रुवारीला त्यात शरद पवारांचं पुलोद सरकारही गेलं. १९९४ च्या बोम्मई निकालापर्यंत हा खेळ चालू होता. आणि अलीकडचं बघा: आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना राज्यात २०१८ साली मानधन सुरू झालं, सरकार बदलल्यावर २०२० साली बंद झालं, २०२२ साली सरकार बदललं तेव्हा पुन्हा सुरू. तुरुंगवास एकच, त्याची किंमत सरकारागणिक बदलते.

आता घरात येऊ.

आपल्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासूनच्या. निवडणुका झाल्या १९६२, १९६७, १९७२, मग १९७९. पुढची कधी? १९९२. मधल्या तेरा वर्षांत मुख्यमंत्री किती बदलले ते मोजा. प्रत्येकजण रीतसर निवडून आलेला, आणि कुणालाही खाली निवडणूक घ्यायची घाई नव्हती. या आळसावर उपाय म्हणून ७३ वी घटनादुरुस्ती आली. कलम २४३ ई सांगतं, मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. तरी २०२२ च्या मार्चमध्ये आपल्यासकट राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. कारणं खोटी नव्हती. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, आकडेवारी हवी होती, गट-गणांची रचना एका सरकारने केली ती दुसऱ्याने बदलली. या काळात दोन्ही आघाड्या सत्तेवर होत्या. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या.

याला हुकूमशाही म्हणायचं का? आम्ही म्हणणार नाही. कुणाला तुरुंगात टाकलं नाही, पेपर बंद केला नाही. पण तीन वर्षं शाळेचं छत गळालं, दवाखान्यात औषध नव्हतं, तेव्हा तुम्ही कुणाच्या दारात उभे राहिलात? ज्याला तुम्ही निवडलं नाही आणि ज्याला तुम्ही पाडू शकत नाही, अशा साहेबाच्या. तो साहेब भला असेल, अनेक आहेत. तरी आणीबाणीतल्या विधानसभेच्या मुदतवाढीत आणि या प्रशासकराजात एक धागा समान आहे, तो म्हणजे तारीख. एकीकडे ती हेतूने हलवली, दुसरीकडे ती हलत गेली आणि कुणी धरून ठेवली नाही.

वेळ झाली आहे. एक चिठ्ठी राहिली, ती वाचून दाखवतो. लिहिणाऱ्याने नाव घातलेलं नाही, शहाणपणा केला. म्हणतात, ‘दिल्ली-मुंबईचं ठीक आहे, आमच्या गावातला सरपंचच कुणाला बोलू देत नाही. तोही निवडून आलेला आहे, थेट जनतेतून. त्याचं काय?’

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडला. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांनी, हा नियमही २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला, तो भाग सोडा. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणता येतो, पण सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वरून ग्रामसभेची मान्यता लागते, म्हणजे सोपं नाही. त्याआधीची पायरी सोपी आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी आपल्याकडे ग्रामसभा घेण्याची रीत आहे. तुमचा प्रश्न तोंडी विचारू नका, कागदावर लिहा, सही करा, ग्रामसेवकाकडे द्या, पोच घ्या. मग पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगा. तुमचा प्रश्न त्या वहीत उतरला आहे का, आणि उतरला असेल तर तुमच्या शब्दांत की सरपंचाच्या, ते बघा. सरपंच कसा आहे ते त्या पानावर कळेल. उतरलाच नसेल, तर पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत तो कागद घेऊन या, आपण तो वाचून दाखवू.

आता मागच्या बाजूचे हात वर आहेत. हं, ताई, तुम्ही आधी बोला.